पुन्हा पुन्हा मुका होणारा संगणक

(केंद्रसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात मी जो विषय घेऊन उभा आहे तो आपणांपैकी अनेकांना किरकोळ वाटेल. वाचन, लेखन, गणित, विद्यार्थ्यांची गळती असे भारदस्त विषय बाजूला ठेवून संगणकाचा आवाज का बंद होतो, व एकदा सुरू केलेला आवाज यंत्र पुन्हा चालू करताच परत का बंद पडतो, यावर एखाद्या शिक्षकाने अर्धा तास बोलावे, हे विचित्र वाटणे साहजिक आहे. दोन वर्षांपूर्वी मलाही ते तसेच वाटले असते. परंतु त्यानंतर जे घडले त्याने माझे मत पालटले. आणि त्यात माझ्या हातून एक चूकही झाली, ती आपणांसमोर मोकळेपणाने सांगावी अशी माझी इच्छा आहे.

आमच्या शाळेत सहाव्या इयत्तेत एक मुलगी होती. तिची दृष्टी जन्मापासूनच इतकी अधू की फळ्यावरची अक्षरे तर सोडाच, हातातील पुस्तकातील ओळीही तिला दिसत नसत. ब्रेल लिपीशी तिचा परिचय उशिरा झाला होता, त्यामुळे बोटांना वेग नव्हता. अशा वेळी आठवड्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षकांनी तिच्यासाठी पेनड्राइव्हवर 'एनव्हीडीए' हा कार्यक्रम आणून दिला. संगणकाच्या पडद्यावर जे जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा हा कार्यक्रम ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली सुरू केला व नंतर जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. तो विनामूल्य मिळतो व मराठीही वाचतो. त्याचा मराठी आवाज यांत्रिक आहे, आपल्या कानाला तो थोडा खडबडीत लागतो. पण त्या मुलीला तो गोड वाटे. पहिल्या दिवशी तिने परिसर अभ्यासाचा एक धडा सलग तीनदा ऐकला, आणि चौथ्यांदा ऐकताना यंत्राच्या आधी स्वतःच पुढचे वाक्य म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक मुका होता.

पडद्यावर सर्व काही जागेवर होते. चित्रे उघडत होती, टंकलेखन होत होते. आवाज मात्र नव्हता. डोळस मुलाच्या दृष्टीने हा थोडासा विरस होय. त्या मुलीच्या दृष्टीने मात्र पुस्तकच कोणी उचलून नेले होते. शिवाय या बिघाडात एक क्रूर विनोद आहे. ज्या यंत्राने 'माझे अमुक बिघडले आहे' असे तिला सांगावयाचे, त्याची वाचाच गेल्यामुळे काय झाले हे तिला कळण्याचा मार्गच उरत नाही. कळफलकावर ती ज्या कळा दाबत होती त्या बरोबर होत्या. पण आपलेच काही चुकले असे समजून ती त्या पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

मी थोडी शोधाशोध केली. स्टार्टच्या बटणावर माउसची उजवी कळ दाबली की 'डिव्हाइस मॅनेजर' हे नाव दिसते. तेथे संगणकाला जोडलेल्या सर्व अवयवांची यादी असते. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या शीर्षकाखाली ध्वनिसाधनाचे नाव होते व त्याच्या चित्रावर खाली टोक असलेला एक लहानसा बाण होता. हा बाण म्हणजे साधन 'डिसेबल', अर्थात बंद करून ठेवलेले आहे, अशी खूण. त्यावर उजवी कळ दाबून 'इनेबल' केले. आवाज आला. मुलीचा चेहरा उजळला, मलाही थोडा अभिमान वाटला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाण पुन्हा जागेवर!

हे पुढे सात-आठ दिवस चालले. रोज मी आवाज सुरू करावा, दिवसभर तो चालावा, आणि दुसऱ्या सकाळी किंवा मध्येच वीज जाऊन परत आली की तो पुन्हा बंद सापडावा.

आता येथे क्षणभर थांबून हे साधन व त्याची बंद-चालू अवस्था म्हणजे काय, ते समजून घेऊ. पूर्वी आवाजासाठी संगणकात वेगळी पट्टी बसवावी लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीची १९८९ साली निघालेली 'साउंड ब्लास्टर' पट्टी त्या काळी प्रसिद्ध होती. हल्लीच्या बहुतेक संगणकांत ध्वनीचे लहानसे मंडल मुख्य फलकावरच असते. पण मंडल असून भागत नाही. त्याच्याशी बोलणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली लागते. शिवाय विंडोज प्रणालीत 'विंडोज ऑडिओ' व 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन सेवा पडद्यामागे चालू असाव्या लागतात. यांतील पहिली दुसरीवर अवलंबून असते. दुसरी निजली की पहिली उठत नाही.

अवयव बंद करण्याची नोंद मात्र या साऱ्यांहून निराळ्या जागी होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर विंडोज प्रणाली एक हजेरीपट ठेवते. त्याचे नाव रजिस्ट्री. संगणक सुरू होताना प्रणाली एकेका अवयवाचे नाव पुकारते व त्याला कामाला लावते. एखाद्या नावापुढे 'बंद' अशी खूण असेल, तर तो अवयव वर्गात हजर असूनही त्याचे नाव पुकारले जात नाही. आपण 'इनेबल' केले की ती खूण खोडली जाते. तेव्हा साधन बंद आहे एवढ्यावर थांबून चालत नाही. खोडलेली खूण रात्रीतून परत कोण लिहितो, हा खरा प्रश्न आहे.

माझी चूक येथेच झाली. यंत्राकडे पाहण्याऐवजी मी मुलांकडे पाहिले. सातवीत एक मुलगा होता, अतिशय चौकस; माउस हाती आला की पडद्यावरचे प्रत्येक चित्र उघडून पाहावयाचा. हा उपद्व्याप त्याचाच, असे मी मनाशी ठरवले व वर्गासमोर त्याला बोललो. त्याने 'मी नाही केलं, सर,' एवढेच म्हटले. त्यानंतर तो संगणकाच्या खोलीकडे फिरकेनासा झाला. त्याच सुमारास डेस्कटॉपवर ठेवलेली माझी गुणपत्रकाची फाइलही नाहीशी झाली, आणि माझा संशय अधिकच पक्का झाला. वस्तुतः त्या हरवलेल्या फाइलीतच उत्तर होते; पण आरोपी अगोदर ठरवून बसलेल्या माणसाला पुरावा कोठला दिसणार!

पर्याय म्हणून मी तालुक्याच्या गावाहून एक साधा यूएसबी हेडफोन आणला. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो, की यूएसबीला जोडला जाणारा हेडफोन स्वतःचे ध्वनिमंडल स्वतःबरोबर घेऊन येतो. फलकावरील मंडल बंद असले तरी त्याचे काही अडत नाही. गोल टोकाच्या साध्या हेडफोनचे तसे नसते. तेव्हा ज्या शाळेत दृष्टिहीन मूल संगणक वापरते, तेथे असा एक हेडफोन खणात असावाच. आमचे काम त्याने भागले. पण एक गोष्ट खटकू लागली. दररोज सकाळी तो जोडला की संगणक 'नवे साधन सापडले, तयारी चालू आहे' अशा अर्थाचा संदेश दाखवी. कालचाच पाहुणा, आणि आज त्याची नव्याने ओळख! एकदा जोडलेले साधन विंडोज सहसा विसरत नाही. मग हेच यंत्र का विसरते?

मग मागील गोष्टी एकेक आठवू लागल्या. विशेष शिक्षकांनी तो वाचन-कार्यक्रम प्रथम संगणकातच बसवला होता. दुसऱ्या दिवशी तो दिसेना, म्हणून तर त्यांनी पेनड्राइव्हवरची आवृत्ती दिली होती. माझी फाइल गेली होती. आवाज रोज जात होता. पेनड्राइव्हवरची मात्र एकही वस्तू कधी गेली नव्हती. मी डेस्कटॉपवर त्या दिवसाच्या तारखेची एक रिकामी फोल्डर केली आणि संगणक रीस्टार्ट केला. फोल्डर नव्हती. आवाजही नव्हता.

असे होण्याचे कारण सरळ होते. सार्वजनिक वापराच्या संगणकांवर, मुलांच्या हातून काही बिघडू नये म्हणून, एक रक्षक कार्यक्रम बसवण्याची पद्धत आहे. डीप फ्रीझ हे या जातीतील एक परिचित नाव; आमच्याकडे कोणता होता हे सांगण्याचे प्रयोजन नाही. विंडोजच्या एंटरप्राइझ व एज्युकेशन आवृत्त्यांतही अशी एक सोय अंतर्भूत आहे. असा कार्यक्रम संगणकाची एका विशिष्ट दिवशीची स्थिती गोठवून ठेवतो. त्यानंतर आपण जे काही लिहू, बसवू, बदलू ते मूळ जागी जातच नाही, निराळे ठेवले जाते. आणि संगणक पुन्हा सुरू होताच ते सारे टाकून दिले जाते. दिवसभर लिहिलेली पाटी सायंकाळी पुसावी तसे. आमचा संगणक गोठवला त्या दिवशी त्याचे ध्वनिसाधन बंद होते. ते कोणी व कशासाठी केले, याचा उलगडा आजवर झालेला नाही. परिणाम मात्र असा, की दररोज सकाळी आमचे यंत्र त्याच एका जुन्या दिवशी जागे होत होते, व त्या दिवशी ते मुके होते.

या कार्यक्रमात दोष आहे असे मी म्हणत नाही. तीस मुलांमागे एक यंत्र असेल तर असे रक्षण हवेच. दोष एवढाच, की तो बसवल्याचे शाळेच्या दप्तरी कोठेही लिहिलेले नव्हते. त्याचा परवलीचा शब्द पुरवठादाराच्या कारागिराजवळ होता. तो तीन आठवड्यांनी आला. त्याने शब्द घालून रक्षण उठवले, ध्वनिसाधन सुरू केले, वाचन-कार्यक्रम संगणकात बसवला, दोनदा रीस्टार्ट करून सारे टिकते आहे याची खात्री केली, आणि मग यंत्र पुन्हा गोठवले. मुलांच्या व शिक्षकांच्या फाइलींसाठी डिस्कचा दुसरा भाग मोकळा ठेवण्यास मी त्याला सांगितले. सारे काम पाऊण तासाचे होते.

आपल्या शाळेत असा प्रसंग आल्यास प्रथम ही तारखेच्या फोल्डरची परीक्षा करावी, अशी माझी सूचना आहे. तिला दोन मिनिटे लागतात व पैसा लागत नाही. मात्र फोल्डर डेस्कटॉपवरच करावी. डिस्कचा दुसरा भाग मोकळा ठेवलेला असू शकतो, तेथे ती टिकेल व आपली दिशाभूल होईल.

फोल्डर टिकली, आवाज मात्र गेला, तर कारण अन्यत्र शोधावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साधनाच्या नावावर दोनदा कळ दाबली की त्याची स्थिती व एक क्रमांक दिसतो. या क्रमांकाकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि खरे उत्तर बहुधा तेथेच असते. २२ हा आकडा असेल तर साधन कोणीतरी प्रणालीतून बंद केले आहे. २८ असेल तर ड्रायव्हरच नाही. १० असेल तर साधन सुरू होऊ शकले नाही. बहुधा ड्रायव्हर जुळत नाही, आणि विंडोजच्या स्वयंचलित अद्ययावतीकरणात ड्रायव्हर बदलला गेल्यावर असे घडते. तेथेच 'रोल बॅक' हे बटण उपलब्ध असेल तर पूर्वीचा ड्रायव्हर परत आणता येतो. २९ असेल तर संगणकाच्या मूळ मांडणीत, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या बायॉस पडद्यात, ते साधन बंद आहे. तेथे विंडोजमधून कितीही 'इनेबल' करा, उपयोग नाही. बायॉसमध्ये शिरून 'ऑनबोर्ड ऑडिओ' किंवा तत्सम नावापुढील बंद ही स्थिती बदलावी लागते. बायॉसमधील बदल टिकत नसतील व संगणकाचे घड्याळही रोज मागे जात असेल, तर मुख्य फलकावरील नाण्याएवढी बॅटरी संपली असे समजावे. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते व घड्याळाच्या दुकानातही ती मिळते.

२२ हाच आकडा परत परत येत असेल, तर साधनाची जुनी नोंदच काढून टाकणे हा एक उपाय आहे. 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडावे, आणि ड्रायव्हरही काढून टाकू का, असे विचारणाऱ्या चौकोनात खूण करू नये. मग रीस्टार्ट करावे. प्रणाली त्या अवयवाची नव्याने नोंद घेते आणि जुनी 'बंद'ची खूण जाते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सर्व ठीक दिसते व तरीही आवाज नाही, असेही होते. अशा वेळी कंट्रोल पॅनेलमधील 'साउंड' उघडून मोकळ्या जागी उजवी कळ दाबावी व बंद साधने दाखवण्यास सांगावे. तेथे स्पीकर निराळा बंद केलेला असू शकतो. ज्या शाळांत टीव्ही वा प्रोजेक्टर एचडीएमआय तारेने जोडलेला आहे, तेथे आवाज त्या तारेतून जाऊ लागतो व स्पीकर गप्प बसतो. तो बिघाड नव्हे, केवळ वाट बदललेली असते. तसेच 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' मधील सेवांच्या यादीत वर सांगितलेल्या दोन्ही सेवांपुढे 'ऑटोमॅटिक' आहे ना, ते पाहावे. तेथे 'डिसेबल्ड' असेल तर प्रत्येक वेळी संगणक सुरू होताच आवाज नाहीसा होणार, हे उघड आहे.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्यात मीही होतो. 'शट डाउन' करून पुन्हा सुरू करणे व 'रीस्टार्ट' करणे ही दोन्ही एकच, अशी आपली समजूत असते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून तसे राहिलेले नाही. 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असल्यास शट डाउनच्या वेळी प्रणालीचा गाभा बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो व पुढच्या वेळी तोच परत आणला जातो. साहजिकच अडकलेला ड्रायव्हरही अडकलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सारे खरोखर नव्याने सुरू होते. म्हणून सकाळी नसलेला आवाज रीस्टार्ट करताच येत असेल, तर 'पॉवर ऑप्शन्स' मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे.

विजेचे आपल्याकडे काय चालते ते मी सांगावयास नको. पण एवढे ध्यानात असू द्यावे, की रजिस्ट्रीतील बदल प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत होतो व थोड्या वेळाने डिस्कवर उतरतो. दुरुस्ती करून लगेच मुख्य बटणच बंद केले, किंवा त्याच क्षणी वीज गेली, तर केलेले काम वाया जाण्याचा संभव असतो. दुरुस्तीनंतर एकदा रीतसर रीस्टार्ट करावे. काही शाळांतून लिनक्स प्रणाली आहे. तेथेही आवाजाच्या पातळ्या सामान्यतः संगणक रीतसर बंद होताना फाइलीत लिहिल्या जातात व सुरू होताना वाचल्या जातात, त्यामुळे हाच नियम लागू पडतो.

आमच्या शाळेत आता संगणकाची एक वही आहे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाची केवळ किंमत व क्रमांक असतो. या वहीत त्याच्यावर कोणते कार्यक्रम आहेत, रक्षण केव्हा घातले, कोणता भाग मोकळा आहे, हे लिहिले जाते. परवलीचे शब्द वहीत लिहू नयेत. ते मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावेत. मुख्याध्यापकांची बदली झाली तर कार्यभाराच्या यादीत त्या पाकिटाचा उल्लेख असावा, अशी विनंती मी विस्तार अधिकारी साहेबांना याच व्यासपीठावरून करतो. ज्या शाळांना संगणक देणगी म्हणून मिळाले आहेत, त्यांनी तर हे देणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

त्या सातवीतल्या मुलाविषयी सांगावयाचे राहिले. कारागीर आला त्या दिवशी मी त्याला मुद्दाम बोलावून घेतले व ज्या वर्गासमोर बोललो होतो त्याच वर्गासमोर, दोष त्याचा नव्हता, असे सांगितले. तो काहीच बोलला नाही. पण कारागीर काम करीत असता तो हळूहळू सरकत पडद्याजवळ येऊन उभा राहिला, आणि रक्षण उठवल्यावर यंत्राला आजची तारीख आठवेल का, असे त्याने विचारले. तारीख तर त्याला रोजच ठाऊक असते, त्याचे घड्याळ निराळे चालते, असे कारागिराने उत्तर दिले. मग मुलाने आणखी पाच-सहा प्रश्न विचारले. वही सध्या तोच लिहितो. सकाळी संगणक सुरू झाला की आवाज आहे की नाही हे पाहण्याचे काम मात्र त्या मुलीने स्वतःकडे घेतले आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एन या तीन कळा एकत्र दाबून ती वाचन-कार्यक्रम सुरू करते, क्षणभर कान देते, आणि मग तो वहीत 'आवाज आहे' असे लिहितो.